बुडख्यातली साखर आणि माणसाचा कणा



शेतकरी हा देशाचा कणा आहे, असे आपल्या वार्षिक सभेत दरसाल कुणी ना कुणी बोलतोच, आणि आपण टाळ्याही वाजवतो. पण खऱ्याखुऱ्या पाठीच्या कण्याचा विषय सभेपुढे कधी आल्याचे आठवत नाही. उसाचा भाव येतो, उतारा येतो, सभासदाची साखर येते; पाठ काही येत नाही. यंदा ती यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कणा म्हणजे एक सलग हाड नव्हे. ती ३३ मणक्यांची उतरंड आहे. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५, त्याखाली एकमेकांत जुळून गेलेले ५ आणि शेवटी माकडहाडाचे साधारण ४. हलणाऱ्या मणक्यांच्या मधोमध गाद्या असतात, त्या २३. बाहेरून चिवट वेटोळी, आत ओलसर गर. या गाद्यांमुळेच माणूस वाकतो, वळतो, ओझे पेलतो. कमरेच्या अगदी खालच्या दोन गाद्यांवर भार जास्त. तिथला गर बाहेर सरकून नस दाबली गेली की कळ कुल्ल्यातून थेट पोटरीपर्यंत उतरते. तिलाच डॉक्टर सायटिका म्हणतात.

या गादीची एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दिवसभराच्या दाबाने तिच्यातले पाणी पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर ती आजूबाजूचा ओलावा ओढून पुन्हा फुगते. म्हणून तर माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बुटका भरतो. उसाला जशी पाण्याची पाळी, तशी गादीला रात्रीची झोप. पाळी चुकली की काय होते, हे तुम्हांला सांगायला नको.

आता वाकण्याचा हिशेब पाहू. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम दोन इंचांवर आणि हातातले वजन पुढे सोळा इंचांवर. तराजूची दांडी अशी एका बाजूला आखूड असली, तर दहा किलोचे ओझे तोलायला स्नायूला ऐंशी किलोचा ताण द्यावा लागतो. हा सगळा भार मधल्या गादीवर पडतो. स्वीडनचे डॉ. नॅचेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला. सरळ उभे असताना तो १०० धरला, तर पुढे वाकल्यावर दीडशेच्या आसपास आणि वाकून हातात ओझे घेतल्यावर दोनशेच्या वर गेला.

इथेच आपला संबंध येतो. साखर बुडख्यात जास्त, म्हणून आपला शेतकी विभाग सांगतो की ऊस जमिनीलगत तोडा. खोडवा नीट फुटावा म्हणून आपणही बांधावर उभे राहून तेच बजावतो. बरोबरच आहे ते. पण जमिनीलगत कोयता चालवायचा तर माणसाला पुरते वाकावे लागते, एकदा-दोनदा नव्हे, दिवसभर. त्यात सुरुवात पहाटेच्या थंडीत. त्या वेळी गादी पाण्याने फुगलेली असते आणि वाकण्याचा ताण तिला सर्वात जास्त बसतो. मग मोळ्या बांधणे, डोक्यावर घेणे, फळीवरून गाडीत चढवणे. बाईच्या डोक्यावरही तीच मोळी. रात्री-अपरात्री गाडी आली की पुन्हा भरणी. म्हणजे गादीची पाळी हुकलीच. आणि कंबर धरली म्हणून एक दिवस कोपीवर पडून राहिला, तर मुकादम खाडा लावणार!

कुणी म्हणेल, तोडणीवाला मुकादमाचा माणूस, आपला काय संबंध? कुणी म्हणेल, हार्वेस्टर आले की प्रश्न मिटेल. हार्वेस्टरला रुंद सरी आणि मोठे रान लागते. आपल्यातल्या एकर-दोन एकरवाल्याचा ऊस अजून कोयत्यानेच तुटतो. आणि मुकादमाचा करार होतो तो कारखान्याशी, कारखाना तुमचा-आमचा. पूर्वी साखरेचे पोते शंभर किलोचे होते, ते हमालाने पाठीवर वाहिले. १९६७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने पुरुषाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली, स्त्रियांसाठी त्याहून बरीच कमी. आज आपले पोते पन्नास किलोचे आहे. पोते निम्मे झाले म्हणून गव्हाण काही थांबली नाही. मग मोळी का लहान होऊ नये?

आमची मागणी साधी आहे. तोडणी-वाहतूक करारात तीन कलमे घाला: मोळीच्या वजनाला मर्यादा, आजारपणाचा खाडा बंद आणि रात्री भरणी केलेल्या टोळीला पहाटेची सूट. हंगामाच्या आरंभी गटवार पाठीची तपासणीही ठेवा.

सभासदांनीही आपली पाठ जपावी. पंधरा-सोळा लिटरचा फवारणीचा पंप जमिनीवरून हिसका मारून उचलू नका. बांधावर ठेवून पाठीला लावा. उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाची लाथ खायची रीत आहे. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय मात्र लाथेला जाते! अंथरूण धरून बसू नका, झेपेल तेवढे हिंडा-फिरा. पण पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली वा सुटली, तर लाथ नको, मालीश नको. त्याच दिवशी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठा. तिथे उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असे नाही.

बुडख्यातली साखर आपल्याला हवी आहे, हवीच. ती काढताना ज्याचा कणा वाकतो, त्याचा विचार येत्या सभेत ठराव करून व्हावा, ही नम्र विनंती.