जिद्दीला सलाम पुरे, मैदानाचं बोला

मे २०२३. शांघायमध्ये तिरंदाजी विश्वचषकाची कंपाउंड प्रकारातली अंतिम लढत. एका बाजूला जगातला अव्वल तिरंदाज, नेदरलँड्सचा माईक श्लोएसर. दुसऱ्या बाजूला बुलढाण्याचा एकोणीस वर्षांचा प्रथमेश जावकर. निकाल १४९-१४८, प्रथमेश विजयी.

त्यानंतर काय झालं असेल, ते सांगायला नको. स्टेटस लागले, फ्लेक्स लागले, सत्कार झाले. आणि भाषणांमध्ये एकच शब्द फिरत राहिला: जिद्द. ‘जिद्द असेल तर बुलढाण्याचा पोरगाही जग जिंकतो.’

माझं भांडण याच वाक्याशी आहे. त्यातल्या ‘पोरगाही’मधल्या ‘ही’शी तर आहेच.

आधी त्या १४९चा अर्थ बघू. पन्नास मीटरवर लक्ष्य. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त आठ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. बाण पंधरा, जास्तीत जास्त गुण १५०. प्रथमेशचा संपूर्ण सामन्यात एक गुण गेला. श्लोएसरचे दोन गेले आणि तो हरला. या खेळात चमत्कार करून दाखवायला जागाच नसते. तीच उभं राहण्याची पद्धत, तोच श्वास, हनुवटीपाशी हाताची तीच जागा, आणि हे सगळं हजारो वेळा. कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यानंतरही.

जिद्द एका दिवसाची असू शकते. मोटिव्हेशनल रील बघून ती रात्री अकरा वाजता येते आणि सकाळी अलार्म बंद करताना जाते. सातत्य तसं नसतं. आणि सातत्याला खर्च येतो, हे भाषणात कुणी सांगत नाही.

रोज बाण मारायला रोज उपलब्ध असलेली, सुरक्षित, मोकळी जागा लागते. चांगल्या कंपाउंड धनुष्याचा संच लाखांच्या घरात जातो. बाण झिजतात, दोऱ्या बदलाव्या लागतात. आणि सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे रोज मागे उभं राहून ‘खांदा वर गेला’ म्हणणारा माणूस. बुलढाण्यात तो माणूस होता. पोलीस दलातले चंद्रकांत इलग यांनी इथे तिरंदाज घडवले. २०१९मध्ये चीनमधल्या चेंगडूला झालेल्या जागतिक पोलीस स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण जिंकणारी मोनाली जाधवही बुलढाणा पोलीस दलातलीच. एकाच लहान शहरातून असे खेळाडू निघतात, तेव्हा तो योगायोग नसतो. ‘मातीचा गुण’ही नसतो. तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं शिकवत असतं.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: ‘सोयी मिळूनही कितीतरी पोरं काहीच करत नाहीत. शेवटी मेहनतच लागते ना?’ लागतेच. प्रथमेशच्या जागी उभं राहून इलग सर बाण सोडू शकत नव्हते. पण बियाणं चांगलं असलं म्हणून पाण्याशिवाय सोयाबीन येत नाही, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. शेतकऱ्याला आपण ‘जिद्द ठेव, पाऊस नसला तरी पीक येईल’ असं म्हणत नाही. खेळाडूला मात्र बिनधास्त म्हणतो.

आणि मेहनतीचं फळ मिळतंच, हेही खोटं आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत प्रथमेश, ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवून सांघिक सुवर्ण जिंकलं. वैयक्तिक बाद फेरीत मात्र एका देशाच्या दोघांनाच जागा होती. ओजस आणि अभिषेक खेळले, प्रथमेश बाहेर राहिला. त्याची मेहनत त्या आठवड्यात कमी पडली होती का? शिवाय तेव्हा कंपाउंड प्रकाराला ऑलिम्पिकमध्ये जागाच नव्हती. ती मिळणार आहे २०२८मध्ये, लॉस एंजेलिसला, आणि तीही फक्त मिश्र सांघिक गटात. म्हणजे जगातल्या अव्वल खेळाडूला हरवूनही ऑलिम्पिकचं दार बंद. तरीही दुसऱ्या दिवशी मैदानावर जायचं. सातत्य म्हणतात ते याला. त्यात फळाची हमी नसते.

हे सांगण्याचं कारण आहे. बुलढाण्यात, चिखलीत, खामगावात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं-पोरी बघा. पोलीस भरतीसाठी मुलं सोळाशे मीटरचा सराव करतात, मुली आठशेचा. बऱ्याच जणांना ट्रॅक नाही, मागून ट्रक येतात. यातल्या बहुतेकांची निवड होणार नाही, कारण जागाच कमी असतात. निकालानंतर त्यांच्यापुढे प्रथमेशचा फोटो नाचवून ‘बघ, त्याने केलं’ म्हणणं हा प्रथमेशचाही अपमान आहे. त्याच्या यशाचा असा चाबूक करू नका.

पुढच्या वेळी गावात सत्कार असेल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. मग माईक धरणाऱ्याला एवढंच विचारा: उद्या सकाळी सहा वाजता मैदानाचं कुलूप कोण उघडणार? प्रशिक्षकाचा पगार कोण देणार? दहा वर्षं देणार का?

उत्तर नसेल, तर ‘जिद्द’ हा शब्दही त्यांनी वापरू नये.