ग्रंथालयांचे उपक्रम : उपचार की गरज?

डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, हा २०१५ सालापासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत प्रतिमेला हार घातला जातो, चार-दोन भाषणे होतात, छायाचित्र काढले जाते आणि अहवालाच्या फायलीत एका कागदाची भर पडते. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, दुसऱ्या दिवशी त्या ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीत काही फरक दिसतो काय? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर कोणी शोधतच नाही; कारण ते कोणी विचारतही नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली संमत झाला. त्या चौकटीत आज अकरा हजारांहून अधिक ग्रंथालये शासकीय अनुदानावर चालतात. त्यांतील बहुतेक सर्व स्थानिक संस्थांनी, म्हणजे गावातल्या नागरिकांनीच उभी केलेली आहेत, ही आपल्या प्रांताची भूषणावह गोष्ट होय. या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले आहेत आणि अनुदान वर्गानुसार मिळते. वर्ग ठरविताना ग्रंथांची संख्या, सभासदांची संख्या, नियतकालिकांची संख्या, कामाचे तास या गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात. या साऱ्या गोष्टी मोजता येतात. अर्थशास्त्राचा एक साधा नियम असा की, ज्या गोष्टीला मोल मिळते तिचाच पुरवठा वाढतो. ग्रंथसंख्येला मोल आहे म्हणून कपाटे भरतात. उपक्रमाच्या परिणामाला मोल नाही, म्हणून उपक्रम उपचारापुरता उरतो. येथे दोष कार्यकर्त्यांच्या निष्ठेपेक्षा मोजमापाच्या पद्धतीचा अधिक आहे.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, ग्रंथालयाचे काम पुस्तके देण्याचे. व्याख्याने आणि कार्यशाळा हा त्याचा विषयच नव्हे. या आक्षेपाला आज एक नवे बळही प्राप्त झाले आहे. अनेक ग्रंथालयांच्या वाचनकक्षांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. घरी एका खोलीत पाच माणसे राहत असताना अभ्यासाची शांत जागा त्यांना दुसरीकडे मिळत नाही. अशा ठिकाणी ध्वनिक्षेपक लावून भाषणे करणे हा त्यांच्यावर अन्यायच ठरेल. जागा आणि वेळ ही दुर्मिळ साधने आहेत, हे मान्यच केले पाहिजे. तथापि त्यावरून उपक्रम नकोत असा निष्कर्ष निघत नाही; ते नेमके, मोजके आणि सोयीच्या वेळी असावेत, एवढाच निघतो.

मुळात उपक्रम आणि ग्रंथ यांत विरोध आहे, ही समजूतच चुकीची आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा याबरोबरच प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, असेही एक सूत्र आहे. पहिल्या कामासाठी कपाट आणि सूची पुरते. दुसऱ्या कामासाठी ग्रंथालयाला उठून माणसांकडे जावे लागते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी हे फार लवकर ओळखले होते. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या तज्ज्ञाला पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांत पाठविल्या आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे व चलत्‌पट दाखविण्याची व्यवस्थाही ग्रंथालय खात्यातच केली. केरळात पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९४५ साली सुरू झालेल्या ग्रंथशाळा चळवळीने ग्रंथालयांना साक्षरता वर्गांशी जोडले, आणि त्या कार्याबद्दल १९७५ साली तिला युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार लाभला.

मग आजच्या महाराष्ट्रात ग्रंथालयाने कोणते उपक्रम करावेत? उत्तर गावाच्या गरजांतूनच मिळेल. सातबारा उतारा कसा वाचावा, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कसा लिहावा, भ्रमणध्वनीवरून होणारी फसवणूक कशी ओळखावी, हे विषय वरवर क्षुल्लक वाटतील. परंतु ज्याला हे येत नाही तो दर वेळी कोणा मध्यस्थाच्या दाराशी उभा राहतो आणि आपल्या अज्ञानाची किंमत रोख मोजतो. हेच ज्ञान बाजारात विकत मिळते. मात्र ज्यांना त्याची सर्वाधिक निकड असते त्यांनाच ते परवडत नाही. उलट, ग्रंथालयात वीस जणांसाठी योजलेल्या कार्यशाळेला एकविसावा माणूस आला तर खर्चात जवळजवळ काहीच भर पडत नाही. ज्या सेवेचा लाभ वाढत जातो पण खर्च वाढत नाही, ती सार्वजनिक संस्थेने विनामूल्य द्यावी, हेच अर्थशास्त्रदृष्ट्या शहाणपणाचे ठरते. मात्र अशा प्रत्येक कार्यशाळेच्या वेळी त्या विषयावरची आठ-दहा पुस्तके टेबलावर मांडलेली असावीत आणि ती तिथल्या तिथे घरी नेता यावीत. हा दुवा नसेल तर ती कार्यशाळा समाजमंदिरातही होऊ शकते. तिच्यासाठी ग्रंथालयच कशाला हवे?

हे सारे करायचे कोणी, हा खरा अवघड प्रश्न आहे. लहान गावांतील अनेक ग्रंथालयांत ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही कामे एकच व्यक्ती करते. तिला मिळणारे मानधन असे की त्यावर संसार चालत नाही. वेतनश्रेणीची मागणी तर वर्षानुवर्षे प्रलंबित आहे. शासनाने २०२२ साली अनुदानाच्या दरात ६० टक्के वाढ केली, याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्यापूर्वीची वाढ २०१२ सालची होती. मधल्या दहा वर्षांत कागद, वीज, नियतकालिकांची वर्गणी यांचे भाव थांबून राहिले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाढीचा बराचसा भाग महागाईनेच आधी गिळला होता, हे उघड होते. शिवाय परिरक्षण अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि तेही वर्गाच्या कमाल मर्यादेत मिळते. उरलेला भार संस्थेने वर्गणी-देणगीतून उचलावयाचा असतो. केरळात ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकर घेतला जातो. आपल्या कायद्यात अशी तरतूद नाही, आणि म्हणून दर वेळी ग्रंथालयांना अर्थसंकल्पाच्या कृपेवर अवलंबून राहावे लागते. विशेष म्हणजे भारतातील पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली मराठी मुलखातच, कोल्हापूर संस्थानात झाला होता.

या परिस्थितीत तीन गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत. पहिली, अनुदानात उपक्रमांसाठी वेगळी रक्कम असावी. ती लहान असली तरी चालेल, पण ती पुस्तक-खरेदीतून किंवा सेवकाच्या मानधनातून कापली जाऊ नये. दुसरी, उपक्रमाच्या अहवालात छायाचित्राऐवजी दोन आकडे मागावेत : आलेल्यांपैकी सभासद नसलेले किती होते, आणि पुढील महिन्यात त्या विषयाची किती पुस्तके घरी गेली. तिसरी, जवळच्या महाविद्यालयाने राष्ट्रीय सेवा योजनेचे काही तास ग्रंथालयाकडे वळवावेत. रस्ता झाडण्याइतकेच अर्ज भरण्यास मदत करणे हेही श्रमदानच आहे. शिवाय त्यातून विद्यार्थ्याला आपल्याच गावाची जी ओळख होईल ती कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही.

यांपैकी शेवटच्या गोष्टीसाठी शासननिर्णयाची वाटही पाहावी लागत नाही. शिक्षक, कारकून, निवृत्त अधिकारी यांना जे काम येते ते महिन्यातून एका रविवारी दोन तास शिकविणे फार अवघड नाही. आपल्या पूर्वजांनी वर्गणी काढून ग्रंथालये उभारली. आपल्याकडून तूर्त अपेक्षा आहे ती त्या इमारतींत थोडा वेळ देण्याची. तेवढेही आपल्याकडून झाले नाही, तर ग्रंथालये ओस पडली म्हणून खेद व्यक्त करण्याचा अधिकारही आपल्याला उरणार नाही.