गृहचर्चा : मोटारीचा कंठ

घरांतील तरुणानें मोटारीचा सायलेन्सर बदलावयाचें मनांत आणलें म्हणजे त्या घरांत सहसा दोन पक्ष पडतात. वडील मंडळींस तो पैशांचा चुराडा आणि शेजाऱ्यांस उपद्रव वाटतो. उलट, स्वतःच्या कमाईनें घेतलेल्या गाडीवर आपला एवढाही अधिकार चालूं नये, ह्याचें चिरंजिवांस वैषम्य वाटतें. आजीबाई दोन्ही पक्षांचें ऐकून घेऊन, गाडीचें कांहीं बिघडलें आहे काय, एवढेंच विचारतात. आणि आमच्या मतें ह्या वादांतील सर्वांत मुद्देसूद प्रश्न तोच होय. कंपनीनें बसविलेल्या नळींत बिघाड कांहींच नसतां ती काढावयाची, तर तिच्या जागीं काय यावें आणि तें कशासाठीं, हें आधीं ठरलें पाहिजे. तें न ठरवितां वडिलांनीं केलेली मनाई आणि मुलानें केलेली खरेदी, दोन्ही सारख्याच आंधळ्या होत.

प्रथम ही नळी काय काम करते तें पाहूं. इंजिनांत जळलेला वायु मोठ्या दाबानें बाहेर पडतो. टर्बो असलेल्या गाडींत तो प्रथम टर्बोचें चक्र फिरवितो, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाच्या, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीदार डब्यांतून जातो, आणि तेथून गाडीच्या पोटाखालून मागें येऊन, एकदोन डब्यांत आपला आवाज सोडून, बंपरखालून हवेंत मिसळतो. कन्व्हर्टरच्या आंत प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम ह्या धातूंचा पातळ लेप असतो. त्यावर विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायॉक्साइड होतो, आणि न जळलेलें इंधन व नायट्रोजनचीं ऑक्साइडें हीं बव्हंशीं निरुपद्रवी होतात. कन्व्हर्टरच्या मागच्या भागास हात लावणें हा आवडीनिवडीचा प्रश्न होऊं शकतो. कन्व्हर्टरच काढून टाकणें हा तसा प्रश्न नव्हे. कित्येक ठिकाणीं तो काढून साधी नळी जोडण्याचा सल्ला मिळतो आणि काढलेला डबा भंगार म्हणून दुकानदार ठेवून घेतो. त्या भंगारांतील धातु सोन्याच्या पंक्तीस बसणारे आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

उदाहरणार्थ, आपल्या चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय ही गाडी घेऊं. २०१३ सालीं ती १.२ लिटरच्या, ४ सिलिंडरांच्या, १०५ अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनासह आली. २०२० सालीं तिच्यांत १ लिटरचें, ३ सिलिंडरांचें, ११० अश्वशक्तीचें इंजिन आलें, आणि २०२२ सालीं भारतांतील तिचें उत्पादन थांबलें. ती जुनी म्हणून विकत घेऊन हौसेनें सजविणारे तरुण पुण्यामुंबईस पुष्कळ आहेत. आतां ह्या दोन इंजिनांचा स्वर पाहा. मिनिटास ३,००० फेरे चालूं असतां ४ सिलिंडरांच्या इंजिनांत सेकंदास १०० वेळां इंधन पेटतें. ३ सिलिंडरांच्या इंजिनांत ७५ वेळां. म्हणून पहिल्याचा स्वर वरचा व सलग, दुसऱ्याचा खर्जांतला आणि किंचित् घोगरा. गाण्याची जाण असलेल्या घरांत हें सांगावयास नको कीं, तंबोऱ्याचा भोपळा बदलल्यानें गुंजन बदलेल, तारेचा स्वर बदलणार नाहीं. ३ सिलिंडरांच्या गाडीस कितीही किमती नळी लावली तरी ती ८ सिलिंडरांच्या गाडीसारखी गर्जणार नाहीं; ती अधिक मोठ्यानें घोगरी बोलेल इतकेंच.

आवाजाचा खरा जाच दुकानाच्या दारांत कळत नाहीं. तेथें गाडी उभी असते, मेकॅनिक दोनचार वेळां ॲक्सिलरेटर दाबतो, भोंवतालचे मित्र माना डोलावतात, आणि व्यवहार ठरतो. पुढें त्याच गाडींतून सर्व मंडळी कोल्हापुरास निघतात. महामार्गावर वेग एकदां स्थिरावला म्हणजे इंजिनाचे फेरेही स्थिरावतात. आणि त्या एकाच स्वराशीं नळींतील वायूचा स्तंभ व गाडीच्या आंतली पोकळी यांचें सूत जुळलें, तर कानांवर ‘घूं’ असा एकसारखा दाब बसतो. मागच्या आसनावर तो सर्वांत अधिक लागतो, आणि मागच्या आसनावर बहुधा आईवडीलच असतात. तासाभरानें डोकें दुखूं लागतें. गाणें लावून तो झांकत नाहीं.

ह्यावरचा उपाय म्हणजे रेझोनेटर. त्याचें सर्वांत साधें रूप म्हणजे मुख्य नळीस जोडलेली, एका टोकास बंद असलेली आंधळी फांदी. ध्वनीची लाट तींत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते. आणि फांदीची लांबी लाटेच्या चतुर्थांशाइतकी असेल तर परतलेली लाट मूळ लाटेच्या नेमकी उलट पडून दोघी एकमेकींस खाऊन टाकतात. तापलेल्या वायूंत ध्वनि सेकंदास सुमारें ५०० मीटर जातो असें धरलें, तर १०० कंपनांच्या स्वरास ही फांदी सव्वा मीटर लागते, ७५ कंपनांच्या स्वरास दीड मीटरहून अधिक. लहान गाडीच्या पोटाखालीं एवढी जागा कोठून असणार? म्हणून कंपनीचे अभियंते डब्यांत मोजून कप्पे पाडतात आणि तेंच काम थोड्या जागेंत साधतात. स्वस्त नळी विकणारा जें पहिल्यानें गाळतो तें हेंच. तेव्हां चिरंजिवांनीं विक्रेत्यास पहिला प्रश्न विचारावा तो नळीच्या तोंडाच्या चकाकीविषयीं नव्हे. रेझोनेटर आहे कीं नाहीं, आणि हीच नळी बसविलेली ह्याच इंजिनाची गाडी अर्धा तास महामार्गावर चालवून पाहावयास मिळेल काय, असा विचारावा.

शक्ति वाढते ही समजूत फार जुनी आहे. १९४९ सालीं इटलींत कार्लो आबार्थ यानें आपली कंपनी काढली, आणि फियाटच्या चिमुकल्या गाड्यांस बसणारे तिचे सायलेन्सर खूप गाजले. लहान गाडीस मोठा कंठ देण्याच्या हौसेस तेव्हांपासून बाजार आहे. पण आजच्या टर्बो गाडीची शक्ति संगणकानें नेमून दिलेल्या हवेच्या दाबावर ठरते. केवळ मागचा डबा बदलून रोजच्या वापरांत जाणवेल इतकी भर पडत नाहीं. वजन दोनचार किलोंनीं कमी होतें, तेंही झालें तर. गाडी मंद करतांना मागून फटाके वाजावे म्हणून संगणकांतील प्रणाली बदलून घेण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याविषयीं तर बोलावयासच नको. तेथें न जळलेलें इंधन जाणूनबुजून नळींत पाठवून पेटविलें जातें, आणि त्या आंचेनें आधीं कन्व्हर्टरचें वाटोळें होतें. दिवाळी वर्षांतून एकदांच येते तें बरें आहे.

कायदा ह्या बाबतींत पुष्कळांस वाटतो त्याहून कडक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम सांगतो कीं, आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक गाडीस असलाच पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्यानें मुळांत नमूद केलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकास करतां येत नाहीं; जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हें स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें नियमबाह्य फेरफारास प्रत्येकीं ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आणि आवाजाची वा धुराची मर्यादा मोडून गाडी चालविणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, आणि ३ महिने परवान्यास मुकणें. शहरोशहरीं पोलिसांनीं जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखालीं चिरडल्याचीं छायाचित्रें वाचकांनीं पाहिलीं असतीलच.

मर्यादा कोणती? प्रवासी मोटारीस २००५ सालीं लागू झालेली मर्यादा ७४ डेसिबलांची. गाडी जोर घेऊन पुढें जात असतां ७.५ मीटर अंतरावरून मोजलेली. डेसिबलाचें गणित साध्या बेरजेचें नव्हे. ३ डेसिबल वाढले कीं ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले कीं दसपट. विक्रेत्याच्या ‘थोडासाच वाढतो’ ह्या बोलण्याचा अर्थ ह्या हिशेबानें लावावा. शिवाय, रात्रीं १० ते सकाळीं ६ ह्या वेळांत निवासी भागांतील एकंदर आवाज ४५ डेसिबलांवर जाऊं नये, असें २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. आणि येथें एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. थंड इंजिन सुरू केलें म्हणजे कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून गाडी आरंभीं कांहीं वेळ मुद्दाम चढ्या फेऱ्यांवर चालते. म्हणजे गाडीचा पहाटेचा सर्वांत मोठा आवाज निघतो तो मोकळ्या रस्त्यावर नव्हे, आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर, चारी भिंतींच्या मध्यें. वरच्या मजल्यावर कोणी हृदयविकारानें अंथरुणास खिळलेला असतो, कोठें रात्रपाळी करून आलेल्या सूनबाईंचा नुकताच डोळा लागलेला असतो. असल्या घरोब्यांत एका नळीपायीं वर्षानुवर्षांचा शेजारधर्म तुटलेला आम्हीं पाहिला आहे.

म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीस मूळच्याहून मोठ्या आवाजाची नळी घेऊं नये. आवाजाचा पोत बदलेल, मोजमाप वाढणार नाहीं, अशी नळी मिळत असेल तर ती पाहावी. तिच्या आवाजाचा मोजलेला आंकडा कागदावर मागावा, आणि परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. न कळवितां केलेला फेरफार अपघातानंतर दाव्याच्या वेळीं नडतो. यूरोपांत मान्यता मिळालेल्या नळीवर वर्तुळांत ‘ई’ हें अक्षर व देशाचा क्रमांक उठविलेला असतो. ती मान्यता आपल्याकडील परवानगी नव्हे, आणि ती ठराविक गाडीपुरतीच असते. तरी नळी कोणीतरी मोजून पाहिली आहे एवढें तींतून कळतें. कागद नाहीं, आंकडा नाहीं, नुसती हमीच असेल तर खिशांतील हात खिशांतच ठेवावा. गर्जनाच हवी असेल त्यांच्यासाठीं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें आणि कोइमतुरास शर्यतींच्या बंदिस्त वाटा आहेत.

धातूचें म्हणाल तर एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें एक लिटर पाणी तयार होतें. लांब पल्ल्यास तें वाफ होऊन निघून जातें. शाळा, मंडई, देऊळ असे छोटे फेरे घालणाऱ्या गाडींत तें मागच्या डब्यांत सांचतें आणि डबा आंतून गंजतो. कोंकणची खारी हवा बाहेरून हातभार लावते. साधें पोलाद स्वस्त, पण अल्पायुषी. ४०९ जातीच्या स्टेनलेसमध्यें क्रोमियम सुमारें ११ टक्के, ३०४ जातींत १८ टक्के व वर ८ टक्के निकेल; टिकाऊपणांत दुसरी जात सरस. खिशांत एक लोहचुंबक न्यावें. ४०९ ला तें घट्ट चिकटतें, ३०४ ला जवळजवळ नाहीं. नळीचें वळणही पाहावें: वांकाशीं ती चपटी झाली असेल तर काम हलकें. एवढ्या इंजिनास दोन ते सव्वादोन इंच व्यास पुरतो. त्याहून रुंद नळींत वायूचा वेग मंदावतो आणि आवाज पोकळ होतो. सरळ जाळीच्या नळीभोंवतीं कांचतंतु भरलेले डबे आरंभीं गोड बोलतात. तंतु जळत गेले कीं आवाज दरवर्षीं चढतो.

बसविण्याचें काम अवघड नाहीं, पण घाईचें नव्हे. गाडी पूर्ण थंड होऊं द्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही, कितीही वेळाचें काम असो, जाऊं नये. पक्क्या तिवयांचा आधार द्यावा. गंजलेल्या बोल्टांस आदल्या रात्रीं तेल सोडावें, रबरी टांगण्या साबणाच्या पाण्यानें ओल्या कराव्या म्हणजे सहज सरकतात. क्लँप आधीं हातानेंच आंवळून नळी सर्वत्र सारखी लोंबते कीं नाहीं तें पाहावें; मागचा आंस, पेट्रोलची टांकी, बंपर ह्यांपासून बोट-दोन बोटें अंतर राहिलें पाहिजे, कारण तापल्यावर नळी लांब होते आणि खड्ड्यांत हेलकावते. वेल्डिंग करावयाचें असल्यास बॅटरीची तार सोडावी. शेवटीं मोकळ्या हवेंत गाडी सुरू करून प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी सोडावें. बुडबुडा आला कीं सांधा गळका. ही तपासणी कोणी चुकवूं नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि गाडीच्या पोटाखालीं गळणारा वायु खालच्या फटींतून आंत झोंपलेल्या मुलापर्यंत पोहोंचतो. पहिल्या शंभरएक किलोमीटरांनंतर क्लँप पुन्हां आंवळावे.

जुनी नळी दुकानांत ठेवूं नये, कापूंही देऊं नये. कांहीं गाड्यांत ती एकसंध असते आणि कापल्यावांचून निघत नाहीं. अशा गाडींत मुळींच हात न घातलेला बरा. निघाली तर पुसून, दोन्ही तोंडांस कापडाचे बोळे घालून माळ्यावर टाकावी; बोळे न घातल्यास तींत पालींचा संसार थाटतो. गाडी विकतांना किंवा तपासणीस नेतांना ती लागेलच, आणि आजीबाईंनीं पुन्हां विचारलें तर त्याआधींही.