टोकियोची संध्याकाळ सोडा, सायतामाची बघा



जपानला जाऊन येणाऱ्या आपल्या व्यावसायिक मंडळींचे फोटो बघा. सगळे सारखेच. दिवसा एक्स्पोचा हॉल नाहीतर कारखान्याचं गेट, आणि रात्री शिबुयाचा तो गर्दीचा चौक. चौक छानच आहे. पण तुम्हाला दहा बाय बाराच्या गाळ्यात धंदा करायचा असेल, तर तिथे शिकण्यासारखं फार काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी एक संध्याकाळ गाडीत बसा आणि उत्तरेला अर्ध्या तासावर ओमियाला उतरा.

ओमिया सायतामा प्रांतात येतं. टोकियोला लागूनच आहे, लोकसंख्या सत्तर लाखांच्या वर. सकाळी इथली लाखो माणसं टोकियोला कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. दिवसा आणि रात्रीच्या लोकसंख्येत इतका फरक जपानच्या फार थोड्या प्रांतांत असेल. रात्री शंभर माणसं असतील, तर दिवसा नव्वदच्या आसपास उरतात. बदलापूर, विरार, डोंबिवलीवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

टोकियोवाले सायतामाची टर उडवतात. जपानीत 'दासाई' म्हणजे गावंढळ. त्यावरून १९८० च्या दशकात 'दासायतामा' असा शब्दच रूढ झाला. २०१९ मध्ये या थट्टेवर एक सिनेमा आला, तर तो बघायला सायतामाचीच माणसं हसत हसत गेली. मला ही माणसं तिथेच आवडली.

माझी मावसबहीण आणि तिचा नवरा ओमियाजवळ राहतात. त्यांच्याकडे आठवडाभर होतो. पहिल्या दिवशी दाजी म्हणाले, "इथे बघण्यासारखं काही नाही, टोकियोला जाऊन ये." दोन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कंटाळा आला म्हणून ओमिया स्टेशनच्या पूर्वेला नानगिन नावाच्या भागात शिरलो. नाव मिनामी गिन्झा, म्हणजे दक्षिण गिन्झा. लाडाने नानगिन. अरुंद गल्ल्या, एकावर एक पाट्या, सात-आठ खुर्च्यांची दुकानं, कोळशाचा धूर. तिथे एका कोपऱ्यात दीड तास उभा होतो. पीत नव्हतो, गिऱ्हाईक मोजत होतो. सवय जात नाही.

तिथे माझ्या लक्षात आलं ते असं. टोकियोत बसलेला माणूस सारखा घड्याळाकडे बघतो. मध्यरात्रीच्या सुमाराला शेवटची गाडी जाते, ती चुकली तर टॅक्सीचं भाडं म्हणजे दिवसाचा पगार. ओमियात तोच माणूस उतरला की त्याचा प्रवास संपलेला असतो. घर दहा मिनिटांवर. तो खुर्चीत टेकतो, कोटाचं बटण काढतो, आणि मग अजून एक प्लेट मागवतो. टोकियोतला दुकानदार कितीही मोठा असला, तरी ही निवांत अर्ध्या तासाची वेळ त्याला विकताच येत नाही. ती फक्त घराजवळच्या दुकानदाराच्या हातात असते.

बसल्याबसल्या एक छोटी वाटी समोर येते, न मागता. तिला ओतोशी म्हणतात. त्याचे तीनशे-चारशे येन बिलात लागतात, म्हणजे एका अर्थी खुर्चीचं भाडंच. आपल्याकडे असं केलं तर भांडण होईल. पण गंमत बघा, गिऱ्हाईक एकच बिअर घेऊन उठलं तरी दुकानदाराचा किमान गल्ला सुटतो. जाल तेव्हा त्या वाटीवरून हुज्जत घालू नका, चव घ्या.

स्टेशनला लागून असलेल्या खाद्यपदार्थांच्या दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये अजून एक खेळ चालतो. संध्याकाळ उतरली की कर्मचारी स्टिकरचं बंडल घेऊन निघतो. तयार जेवणाच्या डब्यांवर आधी वीस टक्के, मग तीस, आणि बंद व्हायच्या आधी निम्मी किंमत. बायका, म्हातारे, ऑफिसवाले उगाच इकडेतिकडे बघत त्याच्या मागे मागे फिरतात. माझी बहीण म्हणते, हाच तिचा रोजचा सिनेमा. माल फेकायचा नाही, पण पहिल्या तासात भावही पाडायचा नाही, हे गणित मी पुस्तकातून शिकलो होतो. त्या स्टिकरवाल्या मुलाने ते वीस मिनिटांत दाखवलं.

आता कावागोए. हे नाव टूरवाल्यांनाही माहीत असतं. १८९३ च्या मोठ्या आगीनंतर तिथल्या व्यापाऱ्यांनी जाड मातीच्या भिंतींची काळी दुकानं बांधली, ती अजून उभी आहेत. तोकी नो काने नावाचा लाकडी घंटेचा मनोरा आहे, दिवसातून चार वेळा घंटा वाजते, शेवटची संध्याकाळी सहाला. पण सहाला तुम्ही पोहोचलात तर घंटाच ऐकाल. कारण तोपर्यंत जुन्या रस्त्यावरच्या बऱ्याच दुकानांची शटरं खाली आलेली असतात. ती दुकानं दिवसा टोकियोहून येणाऱ्या पर्यटकांवर जगतात, पर्यटक गेला की धंदा संपला. तिथून स्टेशनच्या दिशेला चालत या. क्रेआ मॉल नावाचा एक किलोमीटरहून लांब बाजाररस्ता आहे, छत नसलेला, साधा. तिथे त्याच वेळी पाय ठेवायला जागा नसते. पोरं शाळेच्या गणवेशात, ऑफिसवाले, भाजीच्या पिशव्या. एकाच गावात दोन बाजार, एकाचा दिवस मावळतो तेव्हा दुसऱ्याचा उगवतो. मला फोटोसाठी पहिला आवडला. गाळा घ्यायचा झाला तर दुसऱ्यात घेईन.

उन्हाळ्यात गेलात तर कावागोएच्या हिकावा मंदिरात जरूर जा. काचेच्या छोट्या घंटा हजारोंनी टांगलेल्या असतात, वाऱ्याने किणकिणतात, आणि अंधार पडला की दिवे लागतात. ही काही शेकडो वर्षांची परंपरा नाही बरं का, दहा-बारा वर्षांपूर्वी सुरू केलेली गोष्ट आहे. जोडी जमवणारा देव म्हणून मंदिराची ख्याती आधीच होती, त्यांनी त्याला संध्याकाळ जोडली.

कावागोएचं रताळं प्रसिद्ध. जुन्या काळी एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, विक्रेत्यांनी त्याची शब्दखेळातून जाहिरात केली होती: चेस्टनटपेक्षा चविष्ट, तेरा री. 'री' हे अंतराचं जुनं माप. जपानीत चेस्टनट म्हणजे 'कुरी', ऐकायला नऊ री. 'पेक्षा' म्हणजे 'योरी', ऐकायला चार री. बेरीज तेरा, आणि एदोपासून कावागोएही साधारण तेवढंच दूर. आजच्या कुठल्या एजन्सीला असं सुचेल, सांगा. याच रताळ्यापासून १९९६ मध्ये कोएदो बिअर सुरू झाली. आकार वेडावाकडा म्हणून बाजारात न चालणारी रताळी वाया जात होती, त्यांचं काय करायचं या प्रश्नातून. (मी स्वतः घेत नाही. दाजींनी घेतली. छान म्हणाले.)

वाया जाणाऱ्या मालाची याहून भारी गोष्ट हिगाशी-मात्सुयामा नावाच्या गावात आहे, इकेबुकुरोहून तोबू रेल्वेने तासाभराच्या आत. तिथे संध्याकाळी लाल कंदील लागतात आणि याकितोरी भाजली जाते. याकितोरी म्हणजे भाजलेली कोंबडी, पण इथे ती कोंबडी नसतेच. डुकराच्या डोक्याचं मांस असतं, काशिरा, वर तिखट मिसो. युद्धानंतरच्या काळात हे मांस स्वस्तात मिळायचं, कुणी फारसं विचारायचं नाही. एका दुकानाने त्याला तिखट मिसो लावला, बाकीचे मागून आले, आणि आज लोक त्यासाठी गाडी करून येतात. काही दुकानांत तुम्ही "बस" म्हणेपर्यंत काड्या येतच राहतात. शाकाहारी मंडळींनी इथे फक्त धूर आणि धंदा बघावा.

मोठ्या माशांचंही डोकं बघा. सेइबू ही खाजगी रेल्वे. १९७८ मध्ये या समूहाने बेसबॉलची टीम घेतली आणि तिचं मैदान तोकोरोझावात, आपल्याच स्टेशनच्या दारात केलं. संध्याकाळी टोकियोहून बाहेर जाणाऱ्या गाड्या भरतातच, पण सामना संपला की उलट दिशेच्या, एरवी रिकाम्या धावणाऱ्या गाड्याही भरतात. त्याच रेल्वेच्या शेवटच्या टोकाला, चिचिबुला, २०१७ मध्ये स्टेशनलाच लागून गरम पाण्याचं स्नानगृह उघडलं. डोंगर चढून दमलेला माणूस परतीच्या गाडीआधी तासभर तिथे पडतो, जेवतो, चार वस्तू घेतो. डिसेंबरच्या २ आणि ३ तारखेला गेलात तर चिचिबुची रात्रीची जत्रा मिळेल. कंदिलांनी लगडलेले प्रचंड लाकडी रथ माणसं दोरखंडाने चढावर ओढतात, वर आतषबाजी, आणि अंगात भरणारी थंडी. २०१६ पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे. परतीच्या तिकिटाचं मात्र आधीच बघा.

हे सगळं मी का सांगतोय, ते आता सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बॅचला बदलापूरच्या एक ताई होत्या. पुरणपोळी, थालीपीठ, उकडीचे मोदक, हाताला चव अशी की मी घरी डबा नेत असे. त्यांना स्टेशनजवळ छोटा गाळा घ्यायचा होता. मी म्हणालो, "ताई, बदलापूरला कोण थांबतंय? तिथे लोक फक्त झोपायला येतात. ठाण्याला घ्या, पैसा तिथे आहे." आत्मविश्वासाने म्हणालो, फळ्यावर आकडे मांडून. त्यांनी दागिने गहाण ठेवून डिपॉझिट भरलं. भाडं, दोन मुलींचे पगार, रोजचा जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास. शेजारी मोठी दुकानं. चौदा महिन्यांत शटर खाली.

त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्याचाच त्रास जास्त झाला. आणि ओमियाच्या त्या गल्लीत उभा राहून, "लोक फक्त झोपायला येतात" हे माझंच वाक्य मला आठवलं. झोपायच्या आधी माणसाला भूक असते, थकवा असतो, दोन शब्द बोलायचे असतात. मी ते धरलंच नव्हतं.

म्हणून बॅचमध्ये आता मी उलटं विचारतो. तुमच्या स्टेशनवर संध्याकाळी सात ते साडेदहा कुठल्या दाराने किती माणसं बाहेर पडतात, त्यातली किती चालत घरी जातात, किती रिक्षाच्या रांगेत उभी राहतात? चार संध्याकाळी उभं राहून मोजा, पावसातली एक धरून. मग गाळ्याबद्दल बोलू. माझं स्वतःचं फरसाणचं दुकान मी साडेआठला बंद करत होतो, कारण वडील साडेआठला बंद करायचे. आता साडेदहा. शेवटच्या दोन तासांतला गल्ला दुपारच्या चार तासांपेक्षा जास्त येतो, आणि ही गिऱ्हाइकं भाव करत नाहीत, त्यांना फक्त लवकर घरी जायचं असतं.

मागच्या आठवड्यात ताईंना फोन केला. आधी माफी मागितली, मग हे सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, "सर, गाळा मिळेल हो, स्टेशनच्या पूर्वेला एक आहे. पण रात्री साडेदहापर्यंत मी एकटी बाई दुकानात बसणार, आणि घरी सासूबाई जेवायच्या थांबणार. त्याचं काय ते फळ्यावर मांडून दाखवा." माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. रविवारी मी आणि बायको बदलापूरला जातोय, सासूबाईंना भेटायला. आणि संध्याकाळी सातपासून ताईंबरोबर पूर्वेच्या जिन्याशी उभं राहून मोजायला.