नाताळ शिकवताना आधी उत्तनला जाऊ या



डिसेंबर आला की वर्गात नाताळचं चित्र ठरलेलं. बर्फ, सांताक्लॉज, केक. मीरा-भाईंदरला बर्फ कधी पडला हो? आणि भाईंदर स्टेशनवरून बसने उत्तनला गेलं, की पिढ्यान्‌पिढ्या नाताळ साजरा करणारी कुटुंबं भेटतात. कोळी आहेत, शेतकरी आहेत, घरात मराठीचीच बोली बोलतात.

यांचा इतिहास चौथीच्या मुलालाही सांगता येतो. पोर्तुगीजांच्या काळात इथले बरेच कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती झाले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, माणसं मात्र आपल्या गावातच राहिली. गोवा-मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांहून वेगळी ओळख हवी म्हणून १८८७ मध्ये त्यांच्यातल्या अनेकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, पण चालीरीती बघा! लग्नाआधी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात, त्याला ‘उंबराचं पाणी’ म्हणतात. आपण हळद लावतो तसं नवरा-नवरीला नारळाचं दूध लावतात. जुन्या बायका लुगडं नेसायच्या. ऑक्टोबरात आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. कोकणात आपल्याकडे दाराला नव्या लोंब्या बांधतात, ते आठवलं ना?

हे मुलांना माहीत नसलं की ‘तू ख्रिश्चन, मग मराठी कसा?’ असं मुलं एकमेकांना सहज विचारतात. ज्याला विचारलं ते पोर गप्प होतं. धर्म, सण, प्रार्थनास्थळ असा तीन रकान्यांचा तक्ता पाठ करून घेणं थांबवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या तक्त्यात माणूस मावत नाही. दूरच्या देशांबद्दलही आपण तेच करतो. आफ्रिका म्हटलं की मुलं लगेच ‘जादूटोणा’ म्हणतात. पण नायजेरियातल्या योरुबा लोकांमध्ये एकाच कुटुंबात मुस्लिम आणि ख्रिस्ती नातेवाईक असणं अगदी नेहमीचं आहे. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

यंदा ग्रीटिंग कार्डाऐवजी एकच प्रश्न घरी न्यायला द्या: ‘नवीन धान्य किंवा हंगामातली पहिली मासळी आली की आपल्याकडे काय करायचे, आजीला विचारून ये.’ उत्तनचं, कोकणातलं, मारवाडी, मुस्लिम, सगळ्या घरांतलं लिहून आणू द्या आणि वर्गात मोठ्याने वाचून घ्या. पालकांनो, आजी गावी असेल तर फोन तेवढा लावून द्या.