सुंदरी नव्हे, कामगार

बुलढाण्यातील एका अभ्यासवर्गात मध्यंतरी एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "सर, विमानातल्या पोरींच्या संपाशी आपलं काय देणंघेणं? आपल्या जिल्ह्यात तर विमानही उतरत नाही." वर्गात हशा पिकला. तो हशा मला बोचला, कारण तो कारखानदारांच्या क्लबात नव्हे, कामगारांच्या बाजूने उभे राहण्याची शपथ घेतलेल्या माणसांच्या बैठकीत पिकला होता.

आपल्या भाषेनेच या पूर्वग्रहाला खतपाणी घातले आहे. वर्षानुवर्षे मराठी वृत्तपत्रे या स्त्रियांना 'हवाई सुंदरी' म्हणत आली. एस.टी.च्या वाहकाला कोणी 'रस्ता-सुंदर' म्हणत नाही. ज्या श्रमाला आपण सौंदर्य म्हणतो, त्याला वेतन, विश्रांती आणि हक्क लागतात हे विसरणे मग सोपे जाते. या विस्मृतीचा लाभ मालक घेतो, आणि तो मालक सरकारी असला तरी फरक पडत नाही. एअर इंडिया सरकारी महामंडळ असताना तिथल्या नियमानुसार हवाई सेविकेने वयाच्या ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गर्भारपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हायचे होते. मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. पुरुष सहकारी मात्र ५८ वर्षांपर्यंत नोकरीत. नर्गेश मिर्झा व त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट आणि संचालकाची मर्जी रद्द केली. पहिल्या चार वर्षांतील लग्नबंदी मात्र कायम ठेवली. मालकी सार्वजनिक झाली म्हणजे दृष्टी समाजवादी होत नाही, हा धडा आपणही गिरवायला हवा.

चहाचा कप आणि हसरा चेहरा हा या कामाचा दिसणारा भाग. खरे काम दिसते ते संकटात. १ जुलै २०२३ च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली. २५ माणसे आत जळून गेली; वाचले ते खिडकीची काच फोडून बाहेर पडलेले मोजके प्रवासी. त्यानंतर सहाच महिन्यांनी, २ जानेवारी २०२४ रोजी, टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानावर आदळून पेटले. त्या जळत्या विमानातील सर्व ३७९ माणसे जिवंत बाहेर आली. बस आणि विमान यांची बरोबरी होत नाही, हे मला मान्य आहे. पण आगीत कोणता दरवाजा उघडायचा, कोणता उघडायचा नाही, भेदरलेल्या गर्दीला कसे आवरायचे, हे शिकलेले माणूस आत असणे म्हणजे काय, हे बुलढाण्याच्या माणसाला तरी समजावून सांगावे लागू नये. ते माणूस थकलेले, झोप न झालेले असावे, असे कोणत्या प्रवाशाला वाटेल?

आता वेतनाचा हिशेब पाहा. विमान कंपन्यांत केबिन कर्मचाऱ्यांच्या मिळकतीचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांशी बांधलेला असतो. धुक्यामुळे विमान चार तास खोळंबले, तर गणवेश घालून उभे राहायचे, प्रवाशांचे बोल ऐकायचे. पण घड्याळ चालू होते ते विमान हलल्यावर! धंद्यातील अनिश्चिततेचा भार मजुरावर ढकलण्याची ही जुनी युक्ती आहे. किलोवर कापूस वेचणाऱ्या आपल्या बाईला शेतापर्यंतच्या पायपिटीचा पैसा कोण देतो? कॅनडात ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन कर्मचाऱ्यांनी याच बिनपगारी वेळेविरुद्ध संप केला. सरकारने काही तासांतच कामावर परतण्याचा आदेश आणवला. त्यांनी तो जुमानला नाही, आणि जमिनीवरील कामाचा काही मोबदला तरी पदरात पाडून घेतला.

आपल्याकडे मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली. शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कंपनीने २५ जणांना बडतर्फ केले. मुख्य कामगार आयुक्तांसमोर तडजोड होताच त्यांना परत घ्यावे लागले. जी चर्चा दोन दिवसांत होऊ शकली, ती आधी का झाली नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अडकलेल्या प्रवाशांचे हाल तेवढे सर्वांना दिसले.

प्रवाशांचे हाल खोटे नव्हते. एस.टी.चा २०२१-२२ चा संप पाच महिन्यांहून अधिक चालला, तेव्हा मेहकर-चिखलीच्या खेड्यांतील विद्यार्थ्यांचेही हाल झाले. तेव्हाही मध्यमवर्ग म्हणाला, "यांना वेठीस धरायला आम्हीच सापडलो?" परंतु एखाद्याचे काम थांबल्यावर आपले जगणे अडते, याचा अर्थ ते काम मोलाचे आहे. मोलाच्या कामाला मोल नाकारायचे आणि ते थांबले की कामगाराला शिव्या द्यायच्या, ही कुठली नीती?

हे सारे आज सांगण्याचे कारण कायद्यात आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपापूर्वी १४ दिवसांच्या नोटिशीचे बंधन हवाई वाहतुकीसारख्या लोकोपयोगी सेवांनाच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ते सर्व उद्योगांना लावले. शिवाय निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच ठरतो. आकाशातल्या कामगारांना घातलेली वेसण आता जमिनीवरच्या प्रत्येकाच्या नाकात आहे. तेव्हा हसणाऱ्या मित्रांनो, त्यांच्या संपाशी आपले देणेघेणे आहे.

निदान एक गोष्ट आजपासून करता येईल. आपल्या पत्रकांतून, भाषणांतून 'सुंदरी' हा शब्द हद्दपार करा. त्यांना कामगार म्हणा, आणि त्यांचा पुढचा संप होईल तेव्हा आधी मागण्यांचा कागद वाचा; निकाल त्यानंतर द्या.