तीन मतांची किंमत

१ एप्रिल २०१९ च्या रात्री दहाच्या सुमारास लंडनच्या कॉमन्स सभागृहात सभापतींनी चार ठरावांचे निकाल वाचून दाखविले. चारही नामंजूर. एक शंभरावर मतांनी पडला, एक एकवीस मतांनी, एक बारा मतांनी. आणि एक पडला अवघ्या तीन मतांनी. बाजूने २७३, विरुद्ध २७६. हा ठराव हुजूर पक्षाचे वयोवृद्ध सभासद केन क्लार्क यांचा होता. ब्रिटनने युरोपीय संघ खुशाल सोडावा, पण त्याच्याशी जकातीचे ऐक्य कायम राखावे, एवढेच त्यात म्हटले होते.

निकाल संपतात न संपतात तोच निक बोल्स नावाचे दुसरे हुजूरपक्षीय सभासद उभे राहिले. एकवीस मतांनी पडलेला ठराव त्यांचा. आपण तडजोडीसाठी होते नव्हते ते सर्व केले, परंतु आपल्या पक्षालाच तडजोड नको आहे, तेव्हा यापुढे त्या पक्षाच्या बाकावर आपण बसू शकत नाही, अशा अर्थाचे चार शब्द बोलून ते तडक बाहेर पडले. मागून कोणीतरी "जाऊ नका" असे ओरडले म्हणतात. ते गेले.

जकातीचे ऐक्य म्हणजे काय, हे मुंबईकर वाचकांना फारसे समजावून सांगावयास नको. मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा २०१७ च्या जुलैपर्यंत लागत होत्या आणि ड्रायव्हर मंडळी चहा पीत तासन् तास बसत होती, हे ज्याने पाहिले आहे त्याला नाका उठणे म्हणजे काय हे कळते. युरोपीय संघातील देशांनी आपापसांतील नाके केव्हाच उठविले आणि बाहेरच्या मालावर सर्वांनी मिळून एकच जकात ठेवली. या ऐक्यात राहणाऱ्याला परक्या देशाशी जकातीचा स्वतंत्र सौदा करता येत नाही. ही त्याची किंमत. त्याच्या बदल्यात डोव्हरच्या बंदरात जकातीचे कागद दाखवीत खोळंबावे लागत नाही.

मागची हकीकत थोडक्यात सांगावयाची तर अशी: २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. ५१.९ टक्के लोकांनी 'बाहेर पडा' म्हटले, ४८.१ टक्क्यांनी 'राहा' म्हटले. बाहेर पडावयाचे ते कसे आणि किती, हे मतपत्रिकेवर विचारलेलेच नव्हते. एखाद्या घरात शंभरांपैकी बावन्न जणांनी वेगळे व्हावयाचे ठरविले, तर उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांसाठी निदान मधले दार तरी उघडे ठेवावे, असे कोणीही शहाणा म्हणेल. पण शहाण्यांची त्या काळात चलती नव्हती.

पंतप्रधान थेरेसा मे यांनी दोन वर्षे खपून युरोपीय संघाशी एक करार केला. १५ जानेवारी २०१९ रोजी तो २३० मतांनी आपटला. एवढा दणदणीत पराभव त्या देशाच्या आधुनिक इतिहासात कोणत्याही सरकारच्या वाट्याला आलेला नव्हता. १२ मार्चला तो १४९ मतांनी पडला, २९ मार्चला ५८ मतांनी. म्हणजे तिसऱ्या खेपेस तिशी गाठतील एवढ्या सभासदांनी बाजू बदलली असती तर गाडी रुळावर आली असती. त्या दिवशी बाईंच्याच पक्षातील २८ कट्टर ब्रेक्झिटवाल्यांनी विरुद्ध मत दिले, आणि ज्यांच्या टेकूवर त्यांचे सरकार उभे होते त्या उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या दहाही सभासदांनी विरुद्ध मत दिले. अठ्ठावीस आणि दहा, अडतीस झाले. बेरीज वाचकांनीच करावी.

या दहा सभासदांची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

आयर्लंडच्या बेटावर दोन राज्ये नांदतात. दक्षिणेचे स्वतंत्र आयर्लंड युरोपीय संघात, उत्तरेचा भाग ब्रिटनचा. मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरांची. ती शेतांतून, कोठे कोठे गावाच्या वस्तीतूनही जाते. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसे मेली, तेव्हा कोठे १० एप्रिल १९९८ चा समेट झाला आणि त्या सीमेवरचे पहारे उठले. तेथे पुन्हा नाका बसला तर जुनी जखम उघडी पडेल, ही भीती खोटी नव्हती. म्हणून मेबाईंच्या करारात एक हमीची तरतूद होती. दुसरी सोय होईपर्यंत सबंध ब्रिटन युरोपाच्या जकातीच्या कक्षेत राहील आणि उत्तर आयर्लंडला काही जादा नियम पाळावे लागतील.

युनियनिस्टांना हे जादा नियम खुपले. आमच्यात आणि लंडनात केसाएवढेही अंतर पडता कामा नये, हा त्यांचा बाणा. त्यांच्या बाजूने विचार केला तर तो समजण्यासारखाही आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांच्या बेलफास्टच्या अधिवेशनात बोरिस जॉन्सन पाहुणे म्हणून गेले आणि आयरिश समुद्रात जकातीची सीमा घालण्यास कोणतेही हुजूर सरकार मान्यता देऊ शकत नाही, देऊ नये, असे टाळ्यांच्या गजरात सांगून आले. पुढे जॉन्सनसाहेब पंतप्रधान झाले आणि वर्षही पुरे होण्याच्या आत, ऑक्टोबर २०१९ मध्ये, नेमकी तीच सीमा कबूल करून मोकळे झाले. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांना ८० जागांचे बहुमत मिळाले आणि बेलफास्टच्या दहा मतांची कोणाला गरज उरली नाही. केसाएवढे अंतर नको म्हणणाऱ्यांच्या वाट्याला सबंध समुद्र आला. रागाने त्यांनी फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे आपल्या प्रांताचे सरकारच चालू दिले नाही. मधल्या निवडणुकीत त्यांचा पहिला नंबरही प्रतिपक्षाकडे गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते परतले, तेव्हा समुद्रातली सीमा थोडी सौम्य झालेली होती, उठलेली नव्हती. मार्च २०१९ मध्ये नाकारलेला करार त्यांना आता सोन्यासारखा वाटत असेल काय? जाहीरपणे ते तसे म्हणणार नाहीत. राजकारणातली माणसे मनातले हिशेब वहीत मांडीत नाहीत.

अठ्ठावीस कट्टरांपैकी एकाने मात्र काहीसे मोकळेपणाने मन उघड केले. स्टीव्ह बेकर हे त्या गटाचे आघाडीचे मोहरे. तिन्ही वेळा विरुद्ध मत देणारे. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर आयर्लंड खात्याचे राज्यमंत्री असताना आपल्याच पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी आयर्लंडची आणि युरोपीय संघाची क्षमा मागितली. त्यांच्याही रास्त चिंता असू शकतात, हे आम्ही मान्य करतो असा विश्वास वाटावा अशी आमची वागणूक नव्हती, असे ते म्हणाले. नीट पाहिले तर ही क्षमा वागणुकीबद्दल होती, मताबद्दल नव्हे. तरीही ती मागावयास छाती लागते. ज्या काळात कोणीच काही मागे घेत नाही, त्या काळात एवढेही थोडे नाही.

आता दुसरी बाजू. बाहेर पडणे मुळीच पसंत नसलेल्यांची. आमच्या मते खरी चुटपुट लावणारी गोष्ट येथेच आहे, कारण कट्टरांना निदान आपल्याला हवे ते बरेचसे मिळाले. यांना काहीच मिळाले नाही.

क्लार्कसाहेबांचा ठराव पडला तो केवळ हुजूर मतांनी नव्हे. स्कॉटिश राष्ट्रीय पक्षाचे पस्तीस सभासद तटस्थ राहिले. नुसते जकातीचे ऐक्य अपुरे आहे, युरोपाची बाजारपेठही हवी, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही मोठ्या पक्षांतून फुटून निघालेला एक लहानसा गट होता. त्याला पुन्हा सार्वमत हवे होते, म्हणून त्याने या ठरावाविरुद्ध मते दिली. मजूर पक्षातूनही काहीजण विरुद्ध गेले. सिन फेनच्या सात सभासदांचे तर विचारूच नका. राजनिष्ठेची शपथ नको म्हणून ते निवडून येतात आणि सभागृहात पाऊल टाकीत नाहीत. सरकारचे मंत्रिमंडळ त्या रात्री मतदानापासून दूरच बसले होते. आणि पाहिजे होती किती मते? दोघांनी बाजू बदलली असती तरी २७५ विरुद्ध २७४ झाले असते!

कृष्णशिष्टाईच्या कथेत निदान कौरव कोण हे ठाऊक असते. येथे प्रत्येक गट स्वतःला पांडव समजत होता आणि पाच गावांवर समाधान मानण्यास कोणीच तयार नव्हता. आठवडाभर आधी, २३ मार्चला, पुन्हा सार्वमत मागण्यासाठी लाखो माणसे लंडनच्या रस्त्यांवर उतरली होती. आजीआजोबा, कडेवरची मुले, कुत्री, हाताने रंगविलेले फलक. एवढा जनसागर पाहिल्यावर कोणाला वाटेल की आता निम्म्यावर राजी व्हावे? सौम्य तोडगा मान्य केला तर सार्वमताची हवाच निघून जाईल, हा त्यांच्या पुढाऱ्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, फक्त त्यांनी दुसरी बाजू मांडली नाही. सार्वमत मिळाले नाही तर काय उरते? उरले ते ३१ जानेवारी २०२०. त्या रात्री ब्रिटन बाहेर पडला, आणि वर्षअखेरीस जकातीचे ऐक्य गेले, बाजारपेठ गेली, आणि विशी-पंचविशीच्या मुलामुलींचा युरोपातील सत्तावीस देशांत वाटेल तेथे राहून काम करण्याचा हक्कही गेला. तेलही गेले, तूपही गेले. आपण पुऱ्या विजयाच्या नादात कमी नुकसानीची वाट सोडली, असे त्या बाजूच्या काही पुढाऱ्यांनी पुढे जाहीरपणे कबूल केले आहे.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. एप्रिलचे ते ठराव सरकारवर बंधनकारक नव्हते. त्यांतून सभागृहाचा कल तेवढा कळावयाचा होता. क्लार्क यांचा ठराव पास झाला असता तरी हुजूर पक्षाने तो पुढे रेटला असता की बाईंना आधीच घरी पाठविले असते, हे कोण सांगणार? पण संकटात सापडलेल्या पंतप्रधानांच्या हातात बहुमताचा एक कागद असणे आणि नसणे यांत फरक असतोच.

आणि बाईंचे काय? २४ मे २०१९ रोजी आपल्या निवासस्थानासमोर राजीनामा जाहीर करताना त्यांनी सर निकोलस विंटन यांची आठवण सांगितली. १९३९ साली प्राग शहरातून ६६९ मुलांना, बहुतेक ज्यूंच्या, हिटलरच्या तावडीतून सुखरूप काढणारा हा गृहस्थ बाईंच्या मतदारसंघात राहत असे. तडजोड हा काही वाईट शब्द नव्हे, आयुष्य तडजोडीवरच चालते, असे त्याने त्यांना एकदा सांगितले होते. भाषण संपविताना बाईंचा कंठ दाटून आला. वाईट वाटावे असाच तो क्षण होता. पण याच बाईंनी जानेवारी २०१७ मध्ये, बाजारपेठ नको, जकातीचे ऐक्य नको, अशी रेघ आखली होती, आणि त्या वेळी समोरच्या बाकांवरील कोणाला विचारले नव्हते. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याला त्यांनी बोलणी करण्यास बोलाविले ते २ एप्रिल २०१९ रोजी, तीन पराभव झाल्यावर आणि ते चार ठराव पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. दागिने गहाण टाकून झाल्यावर सावकाराशी व्याजाची घासाघीस करावी, तशातला हा प्रकार. ती बोलणी सहा आठवड्यांत फिसकटली.

पुढचे आकडे कोरडे आहेत, पण घरखर्च चालविणाऱ्यांना आकड्यांची भाषा कळते. अंदाजपत्रकाची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या ब्रिटनच्या सरकारी कार्यालयाचा अंदाज असा की, संघात राहिल्यावर देशाची उत्पादकता जेवढी झाली असती त्यापेक्षा ती दीर्घकाळात चार टक्क्यांनी कमी राहील. अलीकडच्या वर्षांत लोकमताच्या चाचण्यांतून निम्म्याहून अधिक लोक 'बाहेर पडणे चुकले' असे सांगत आले आहेत. उलट बाजूला मिळकतही आहे, आणि त्यातली एक आपल्याशी संबंधित आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापारकरारावर सह्या झाल्या. जकातीच्या ऐक्यात राहिलेल्या ब्रिटनला असा करार एकट्याने करता आला नसता. ब्रिटिश सरकारच्याच अंदाजाप्रमाणे त्यातून त्यांना कालांतराने वर्षाला ४.८ अब्ज पौंडांचा लाभ होईल. त्यांच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने हा लाभ एका टक्क्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका. आपल्याकडे स्कॉच स्वस्त होईल म्हणून काही मंडळी खुशीत आहेत, त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाही.

क्लार्कसाहेबांना सप्टेंबर २०१९ मध्ये आणखी वीस जणांसह पक्षाच्या सभासदगटातून काढून टाकण्यात आले. बेकरसाहेब २०२४ च्या निवडणुकीत पडले. जकातीच्या ऐक्याचा प्रश्न मात्र पुन्हा सभागृहात आला. ९ डिसेंबर २०२५ रोजी लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या एका सभासदाने, युरोपीय संघाशी असे ऐक्य करण्याची बोलणी सरकारने सुरू करावी, असे विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. सत्तारूढ पक्षाचे बहुतेक सभासद मतदानापासून दूर राहिले. मते मोजली तेव्हा बाजूने १०० आणि विरुद्ध १०० भरली. अध्यक्षस्थानी असलेल्या उपसभापतींनी आपले निर्णायक मत बाजूने टाकले. त्याचा कायदा होणार नाही, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.